तळ्याचा काठ कुणासाठी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मी शहरातल्या लहान तळ्यांबद्दल आणि त्यांना लागून असलेल्या दलदलीच्या तुकड्यांबद्दल लिहिलं होतं. बाग आणि दलदल एकमेकींच्या शेजारी सुखाने नांदू शकतात, फक्त दलदलीला घाण म्हणणं थांबवायला हवं, असा त्या लेखाचा आशय होता. त्यावर पुष्कळ पत्रं आली. पहिल्या पत्रात जी चिंता आहे ती बऱ्याच पत्रांमध्ये होती, म्हणून त्या उत्तराला जास्त जागा देते आहे.

ताई, आमच्या वसाहतीजवळ दोन-अडीच एकरांचं जुनं तळं आहे. एका अंगाला बाग, बाकं, घसरगुंडी. पलीकडे पाणकणसाची, म्हणजे उंच पात्यांच्या पाणगवताची दलदल, तिकडे कुणी फिरकत नाही. आता तळ्याचं सुशोभीकरण मंजूर झालंय. चारही बाजूंनी दगडी भिंत, भोवती फिरायला ट्रॅक, रंगीत कारंजं आणि बोटी. आराखडा बघून बहुतेक जण खूश आहेत, मला मात्र चैन पडत नाही. काही बोललं की ‘तुम्हाला विकास नको का?’ असं विचारतात. मी नेमकं काय मागू?
(एक वाचक, ठाणे जिल्हा. नाव न छापण्याची विनंती.)

विरोधाचा अर्ज देऊ नका, दुरुस्तीचा द्या. आराखडाच रद्द करा म्हणालात तर एकटे पडाल. एक ओळ बदला म्हणालात तर बागेत रोज येणारे आजी-आजोबाही सही करतील. ती ओळ अशी: ‘भिंत फक्त बागेच्या बाजूला बांधावी, पलीकडचा काठ मातीचा आणि उतरताच ठेवावा.’

याचं कारण सांगते. तळ्याच्या मधोमधचं खोल पाणी आपल्या डोळ्यांना छान वाटतं, पण तिथे राहणारे मोजकेच. पाणकावळा बुडी मारतो, टिबुकली मारते, बस. खरी गर्दी काठाला, घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात असते. तिथे ऊन तळापर्यंत पोचतं, म्हणून पाणवनस्पती रुजतात. त्यांच्या देठांना गोगलगायी आणि किड्यांची अंडी चिकटलेली असतात. माशांची पिल्लं मोठ्या माशांपासून लपायला तिथेच येतात. आणि या सगळ्यांवर टपून बगळे उभे असतात. ढोकरी, म्हणजे आपला लहान तपकिरी बगळा, शिकारीला किती पाण्यात शिरणार हे तिच्या पायांची लांबी ठरवते. उभी भिंत घातली की पहिल्याच पावलाला चार-पाच फूट पाणी. ढोकरी भिंतीवर येऊन बसेल, पण पाण्यात उभी कुठे राहणार? तुतवार आणि शेकाटे हे काठचे पक्षी तर चिखल नसेल तर उतरतच नाहीत. गोड्या पाण्यातलं आपलं कासव अंडी घालायला बाहेर येऊन काठच्या मातीत खड्डा करतं, ते उभ्या दगडावर चढू शकत नाही. पाय फुटून नुकतीच पाण्याबाहेर निघालेली बेडकाची पिल्लंही त्या भिंतीशी अडतात. वरून बघणाऱ्याला तळं तेवढंच दिसतं, पाणीही तेवढंच असतं, आणि तरी त्याचा सिमेंटचा हौद झालेला असतो.

तुमच्याकडे पाणकणीस आहे, म्हणजे पांढऱ्या छातीची पाणकोंबडी बहुतेक असणारच. पावसाळ्याच्या सुरुवातीला एखाद्या पहाटे दलदलीच्या समोर गप्प बसून बघा. आधी आवाज येतो, ‘क्वाक् क्वाक्’, अगदी घोगरा आणि न थांबता. मग पाणकणसाची दोन-चार पाती हलतात आणि गडद राखाडी पाठीची, पांढऱ्याशुभ्र तोंडाची पाणकोंबडी बाहेर येते. दर पावलाला आखूड शेपटी वर उडते आणि खालचा विटकरी रंग दिसतो. तिच्या मागे काळीकुळकुळीत पिल्लं. ती थांबली की तीही थांबतात. कुठे खुट्ट झालं की सगळी एका क्षणात पाणकणसात गडप. याचा व्हिडिओ काढा आणि वसाहतीच्या ग्रुपवर टाका. दलदल म्हटलं की नाक मुरडणारी माणसं ही पिल्लं बघून गप्प होतात, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय.

आता अर्जात आणखी काय लिहायचं ते. ट्रॅक तळ्याभोवती पूर्ण फिरवू नका म्हणावं. दलदलीच्या बाजूला तो काठापासून पंधरा-वीस मीटर मागे घ्यावा आणि मध्ये झुडपं राहू द्यावीत. माणसांना गोल फेरी मारायची असते हे मला कळतं, पण चारही बाजूंनी माणसं चालत असतील तर पाखरांना पाठ टेकायला एकही बाजू उरत नाही. बोटी हव्याच असतील तर तळ्याच्या बागेकडच्या अर्ध्या भागात, आणि दलदलीपुढे बांबूचे खांब रोवून हद्द आखून घ्यावी. कारंज्याला माझी हरकत नाही, त्याने पाण्यात प्राणवायू मिसळतो. रंगीत दिव्यांना मात्र ठाम हरकत आहे. रातबगळे दिवसा झाडांवर झोपतात आणि संध्याकाळी शिकारीला निघतात. पाण्यावर रात्रभर झगझगीत उजेड असेल तर त्यांची वेळच मोडते, आणि दिव्याभोवती भिरभिरणारे किडे सकाळी फरशीवर मरून पडलेले असतात.

गाळ काढायचा असेल तर सगळा एकदम काढू देऊ नका. यंदा अर्धा, पुढच्या उन्हाळ्यात उरलेला. पाणवनस्पतींचं बी, कंद, उन्हाळ्यात चिखलात दडून बसलेले जीव, सगळं त्या गाळातच असतं. पोकलेनने तळ खरवडून एका पातळीला आणला की पुढची कितीतरी वर्षं तिथे काही उगवत नाही. शिवाय तळ सपाट करायचाच नाही. कुठे खोल, कुठे उथळ असू दे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं आणि काठचा चिखल उघडा पडला तर टँकर मागवून तळं भरायची घाई करू नये. पाणी चढणं-उतरणं हा पाणथळ जागेचा स्वभावच आहे. निघालेला गाळ शेतात टाकायचा विचार असेल तर आधी तपासून घ्या, कारण शहराच्या तळ्यात सांडपाण्याबरोबर शिसं, कॅडमियमसारखे धातूही साचलेले असू शकतात.

काठावर हिरवळीचा गालिचा लावू नये. त्याला घातलेलं खत पावसाच्या पाण्याबरोबर थेट तळ्यात उतरतं. त्याऐवजी वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ अशी झाडं लावा. गुलमोहराला बागेची दुसरी बाजू आहेच.

दलदलीचंही एक सांगायला हवं. ती अजिबात हात न लावता सोडून दिली तर पाणकणीस दरवर्षी पुढे सरकतं आणि काही वर्षांत तळंच गिळतं. म्हणून हिवाळा संपता संपता, विणीच्या आधी, त्यातलं साधारण एक तृतीयांश कापून बाहेर न्यायचं. पुढच्या वर्षी दुसरा तुकडा. म्हणजे मध्ये मोकळं पाणी राहतं आणि घरट्यांना आडोसाही मिळतो.

‘विकास नको का?’ असं विचारणाऱ्यांना पुण्याच्या सारसबागेची आठवण करून द्या. तिथल्या देवाला आजही ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात, पण नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी केलेलं ते विस्तीर्ण तळं आता नाही. देऊळ त्या तळ्यातल्या बेटावर होतं. कोल्हापुरात वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थाची मंडई झाली. गेलेलं तळं परत आणता येत नाही. तुमचं अजून आहे, म्हणून हे इतकं लांबवलं.

माझ्या नातवाला डेंग्यू झाला होता. आमच्या इमारतीमागे लहान तळं आणि थोडी दलदल आहे. सगळे म्हणतात डास तिथूनच येतात, औषध मारा, नाहीतर गप्पी मासे सोडा. मला तळं आवडतं, पण नातवापेक्षा जास्त नाही. खरं काय ते सांगाल का?
(एक आजी, पुणे)

आजी, नातू आता बरा असेल अशी आशा आहे. काळजी वाटणं अगदी रास्त आहे, पण डेंग्यूचा डास बहुधा तुमच्या इमारतीतच वाढला असणार.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो ती साठवलेल्या, स्थिर, थोड्याशा पाण्यात. कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, झाकण नसलेला पिंप, गच्चीवर टाकलेलं जुनं टायर. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याला चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पाणी आलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळायला सांगतात. नुसतं पाणी ओतून देऊ नका, भांडं घासून पुसा, म्हणजे चिकटलेली अंडीही जातात. हा डास फार लांब उडत नाही, शे-दोनशे मीटरच्या आतच त्याचा संसार असतो. तेव्हा आधी स्वतःचा जिना, गच्ची आणि शेजारचं बांधकाम तपासा.

जिवंत तळ्यात डासाच्या अळीला मोठं होणं अवघड असतं. मासे खातात, पाण्यातले ढेकूण खातात, चतुरांच्या अळ्या तर सतत त्याच कामावर असतात. तळ्यावर डास खूप असतील आणि संध्याकाळी कानाशी गुणगुणत असतील, तर ते बहुधा क्युलेक्स. हा डास घाण पाण्यात वाढतो. म्हणजे तळ्यात कुठूनतरी मैलापाणी येतंय. ते येण्याची जागा शोधून बंद करवून घ्या, तक्रार त्याची करा.

औषधाचा धूर मारला की उडते डास मरतात हे खरं, पण त्यांना खाणारे चतुर आणि त्यांच्याच जातकुळीतल्या, बारीक अंगाच्या टाचण्याही मरतात. डास आठ-दहा दिवसांत पुन्हा तयार होतात. चतुर मात्र इतक्या लवकर परत येत नाहीत.

गप्पी माशांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बंदिस्त हौदात, वापरात नसलेल्या विहिरीत सोडा, आरोग्य खातं सोडतं तसे. तळ्यात आणि दलदलीत नको. हा मासा मुळात दक्षिण अमेरिकेतला. तो डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची अंडी आणि आपल्या लहान माशांची पिल्लंही फस्त करतो, आणि एकदा तळ्यात शिरला की निघत नाही. आपल्याकडे पाण्याच्या पृष्ठभागालगत फिरणारे पॅनचॅक्स मासे आहेत, डोक्यावर चांदीसारखा ठिपका असलेले. काठावरून वाकून बघितलं तर तो ठिपका चमकताना दिसतो. तुमच्या तळ्यात ते असतील तर डासांच्या अळ्यांचा बंदोबस्त चाललेलाच आहे.

दर रविवारी मुलांना घेऊन बागेतल्या तळ्यावर जातो आणि बदकांना पाव घालतो. परवा एकाने अडवलं. यात चूक काय?
(नाशिक)

पावाने पोट भरतं, पोषण होत नाही. आणि जो खाल्ला जात नाही तो पाण्यात कुजतो, त्यावर शेवाळ माजतं, उंदीर येतात. मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात हजारो मैलांवरून आलेल्या कुरव पक्ष्यांना लोक शेव-गाठिया घालतात, तेही असंच वाईट. मुलांना तळ्यावर न्यायचं सोडू नका. पावाऐवजी एक साधी दुर्बीण घेऊन जा. हळदी-कुंकू बदक शोधायला सांगा: चोच काळी, टोकाला पिवळी, मुळाशी दोन लाल ठिपके. ते चोच पाण्यात घालून स्वतःचं खाणं स्वतः कसं शोधतं हे बघण्यात मुलांचा अर्धा तास सहज जातो.

आमच्या तळ्यातली जलपर्णी दरवर्षी मशीन लावून काढतात, फोटो छापून येतात, आणि दिवाळीपर्यंत तळं पुन्हा हिरवं. हा पैसा पाण्यातच जातोय ना?
(कोल्हापूर)

जातोय, कारण जलपर्णी हा रोग नाही, लक्षण आहे. ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतून आली, जांभळ्या फुलांसाठी लोकांनी हौसेने जगभर नेली. तिला लागतं ऊन, संथ पाणी आणि सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद. हे तिन्ही मिळालं की दोन आठवड्यांत दुप्पट होते. पुण्याच्या पाषाण तलावावर मी हे वर्षानुवर्षं बघते आहे. रामनदीचं पाणी येतं, त्याबरोबर वस्त्यांचं सांडपाणी येतं, आणि कोपऱ्यात राहिलेल्या चार रोपांचा बघता बघता गालिचा होतो. त्या गालिचाखाली उजेड जात नाही, पाण्यातला प्राणवायू संपतो. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून धापा टाकताना दिसले तर समजावं की रात्रीतून पाण्यातला प्राणवायू संपत आला आहे.

तरीही काढायची असते, सोडून देता येत नाही. पण कशी, याला महत्त्व आहे. फुलं येण्याआधी काढावी, कारण तिचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं. काढलेला ढीग काठावरच ठेवला तर पहिल्या पावसात त्याचा रस परत तळ्यात उतरतो आणि काढलेलं खतपाणी पुन्हा तळ्यालाच मिळतं. ढीग लांब न्यावा, वाळवावा, खत करावं. यंत्राचं काम झालं की आठवड्या-आठवड्याने होडीतून हाताने राहिलेली रोपं वेचणारी दोन माणसं हवीत. या दोन माणसांची तरतूद निविदेत नसते, आणि सगळा खर्च वाया जातो तो इथेच. तणनाशक फवारू देऊ नका. मेलेली जलपर्णी तळाशी जाऊन कुजते आणि उरलासुरला प्राणवायूही खाऊन टाकते.

बेंगळुरूत १९८० च्या दशकात जलपर्णी खाणारे भुंगेरे तळ्यांमध्ये सोडले होते आणि काही तळ्यांत त्यांनी ती चांगलीच आटोक्यात आणली. मार्ग सावकाशीचा आहे, आणि तो तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायचा.

एक विनंती मात्र आवर्जून. जलपर्णी काढणाऱ्यांना कमळ, कुमुद आणि शिंगाडा ओळखता यायला हवेत. यंत्रवाला सगळंच हिरवं ओढून काढतो. कमळपक्षी आपलं घरटं अशाच तरंगत्या पानांवर करतो, कुमुद गेली तर तोही जाणार.

मी सिंगापूरला राहते, मूळची साताऱ्याची. इथल्या बिशान पार्कमधली नदी बघितली की वाटतं, आपल्याकडे असं होईल का? की त्याला फार पैसा लागतो?
(सिंगापूर)

पत्राबरोबर पाठवलेले फोटो बघितले, छान वाटलं. इतर वाचकांसाठी सांगते. बिशान-आंग मो कियो पार्कमधून कालांग नदीचा सरळसोट सिमेंटचा कालवा जात होता, साधारण २.७ किलोमीटर लांबीचा. तो फोडून तिथे नागमोडी वळणांची, मातीच्या आणि गवताच्या काठांची नदी केली आणि २०१२ मध्ये बाग पुन्हा खुली झाली. मोठा पाऊस आला की बागेचा सखल भाग मुद्दाम पाण्याखाली जाऊ देतात, लोकांना आधी इशारा मिळतो, पाणी ओसरलं की मुलं पुन्हा काठावर खेळतात. आता तिथे पाणमांजरंही दिसतात.

पैसा लागलाच. पण नीट बघा, त्यांनी पैसा खर्च केला तो सिमेंट काढायला. आपल्या बहुतेक लहान तळ्यांचे काठ अजून मातीचेच आहेत, आणि आपण पैसा खर्च करतो तो सिमेंट घालायला. आपल्याला त्यांच्याइतका खर्च करायचीही गरज नाही, हातातलं राखलं तरी पुरे.

आमच्या शाळेजवळ तळं आहे. गणपतीनंतर तिथे खूप खूप चतुर येतात. एवढे सगळे कुठून येतात? आणि मग कुठे जातात?
(इयत्ता सहावी, सांगली)

बाळा, अर्धे तुझ्याच तळ्यातून येतात. चतुराची मादी पाण्यात अंडी घालते. त्यातून निघालेली अळी चिखलात राहते, मातकट रंगाची, सहा पायांची. तिचा खालचा ओठ घडी घातलेला असतो. भक्ष्य जवळ आलं की तो ओठ झटकन पुढे येतो, पकडतो आणि परत घडी घालतो. डासाच्या अळ्या ती भराभर खाते. मोठी झाली की एका रात्री पाण्याबाहेर येणाऱ्या एखाद्या देठावर चढते. पाठ मध्ये उकलते. त्यातून आधी डोकं, मग पाय, मग चुरगळलेले ओले पंख असलेला चतुर बाहेर येतो. पंख ताठ व्हायला वेळ लागतो, तोवर त्याला उडता येत नाही. सकाळी लवकर गेलास तर पाणकणसाच्या पात्याला घट्ट धरून बसलेली रिकामी तपकिरी कात सापडेल, पाठीवर चीर असलेली. ती हळूच काढून काड्यापेटीत ठेव आणि विज्ञानाच्या तासाला दाखव.

तू बघतोस ते सोनेरी-पिवळसर चतुर असतील तर त्यांची गोष्ट आणखी मोठी आहे. त्यांचं शास्त्रीय नाव पँटाला फ्लेवेसेन्स. ते पावसाने साचलेल्या डबक्यांतही भराभर वाढतात. पाऊस सरला की यातले असंख्य चतुर दक्षिणेला निघतात. ऑक्टोबरच्या सुमारास मालदीवच्या बेटांवर त्यांचे थवे येतात, आणि तिथे तर गोडं पाणी फारसं नाहीच. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं त्यांच्या येण्याच्या नोंदी ठेवल्या आणि २००९ मध्ये लिहिलं की हे चतुर वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेत जात असावेत. तू पण वहीत तारीख लिहून ठेव: पहिले कधी दिसले, शेवटचे कधी. दरवर्षी लिहिलंस तर आठवी-नववीत तुझ्या वहीला खरंच किंमत येईल. आणि पाण्याजवळ मोठ्या माणसाला घेऊनच जा.

आमचं तळं जेमतेम एकराचं आहे. चौकशी केली तर उत्तर मिळालं, ‘सव्वादोन हेक्टरपेक्षा लहान आहे, पाणथळीचा कायदा लागू होत नाही.’ मग आम्ही काय करायचं?
(अमरावती)

सव्वादोन हेक्टरचा आकडा आला आहे तो अहमदाबादच्या इस्रो केंद्राने केलेल्या पाणथळींच्या राष्ट्रीय नकाशासंग्रहातून. त्याहून मोठ्या दोन लाख एक हजार पाचशे तीन पाणथळी त्यात आहेत आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना संरक्षण द्यायला सांगितलं. त्याच वर्षीच्या केंद्राच्या नियमांप्रमाणे अधिसूचित, म्हणजे सरकारने रीतसर जाहीर केलेल्या पाणथळीत भराव, कचरा, न शुद्ध केलेलं सांडपाणी टाकता येत नाही आणि पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम करता येत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी किंवा करमणुकीसाठी मुद्दाम बांधलेले तलाव मात्र या नियमांतून वगळले आहेत. म्हणून तुमचं तळं मुळात कसं झालं, हे जुन्या कागदांवरून ठरवणं फार महत्त्वाचं आहे.

पण लहान तळ्याला दुसरे आधार आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हिंचलाल तिवारी खटल्यात सांगितलं की तळी ही समाजाची संपत्ती आहे, ती घरांच्या जागांसाठी वाटता येणार नाहीत. दुसरा आधार २००२ च्या जैवविविधता कायद्याचा. या कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायलाच हवी, आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. तुमच्या तळ्याची नोंद त्या वहीत आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. नसेल तर ती करून घेणं हे पहिलं काम.

दुसरं काम भूमी अभिलेख कार्यालयात. गाव नकाशा, जुना सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा काढा. त्यात ‘तळे’ अशी नोंद असेल तर ती सर्वांत भक्कम. मग विकास आराखडा बघा: तिथे हाच तुकडा ‘जलाशय’ म्हणून दाखवलाय की ‘उद्यान’, की आणखी काही? उद्यान असेल तर सावध व्हा, कारण उद्यान म्हटलं की भरावाला वाट मिळते. आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात त्या मुदतीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

सोबत जोडायला वर्षभराची पाखरांची यादी करा, प्रत्येक नोंदीला तारीख, पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत चढतं त्याचे एकाच जागेवरून काढलेले फोटो, आणि कडेच्या एखाद्या झाडाला किंवा खांबाला त्या पातळीची खूण. पुढे कधी कुणी म्हणालं की इथे पाणी नव्हतंच, तर दाखवायला हीच खूण आणि हेच फोटो लागतील.